मानेच्या दुखापतीनंतर हातासाठी करंट: सुरुवात कुठून करायची

मानेच्या मणक्याला मार लागून हातपाय अधू झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "कधी चालणार?" त्या माणसालाच विचारलं तर तो बहुतेकदा बोटांबद्दल बोलतो. पाणी स्वतःच्या हाताने प्यायचंय. नाकावरची माशी हाकलायचीये. मोबाईल उचलायचाय. २००४ साली अमेरिकेत किम अँडरसन या संशोधिकेने मज्जारज्जूची दुखापत झालेल्या ६८१ जणांना विचारलं होतं की काय परत आलं तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल. मानेच्या पातळीला दुखापत असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी हात आणि दंड सगळ्यात वर ठेवले. चालणं त्यांच्या यादीत बरंच खाली होतं.

हा लेख अशा माणसांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी आहे. शस्त्रक्रिया न करता, त्वचेवर पॅड चिकटवून हाताचं काम परत मिळवायला करंटचा उपयोग कसा करतात, सुरुवात कुठून करायची आणि कुठे थांबायचं, एवढंच यात सांगायचं आहे. मी ऑक्युपेशनल थेरपीचं काम करते. पहिल्याच भेटीत मला प्रश्न येतो, "मॅडम, मशीन किती दिवस लावायची?" माझं उत्तर ऐकून लोक थोडे नाराज होतात. करंट एकटा हात आणत नाही. मशीन चालू असताना तुम्ही त्या हाताने काय करायचा प्रयत्न करता, त्यावर सगळं अवलंबून आहे. टीव्ही बघत तासभर लावून घेतलेला करंट आणि ग्लास धरायचा प्रयत्न करताना घेतलेला करंट यांची बरोबरी होत नाही.

पहिली पायरी: तुम्हाला नेमका कोणता करंट लावतायत?

फिजिओथेरपीच्या खोलीत "करंटचा शेक" या एकाच नावाखाली बऱ्याच गोष्टी चालतात. टेन्स आणि आयएफटी ही दुखणं कमी करायची साधनं. मुंग्या येतात, बरं वाटतं, पण बोटं त्यामुळे उघडणार नाहीत. हात परत यावा म्हणून महिनोन्‌महिने रोज टेन्स लावून घेणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे आधी सांगते. मशीन लावणाऱ्याला सरळ विचारा: "हे दुखण्यासाठी आहे की स्नायू हलवण्यासाठी?"

स्नायू हलवण्यासाठीचा करंट म्हणजे पॅडखालच्या मोटर नसेला, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसेला, बाहेरून इशारा देणं. नस जिवंत असेल तर स्नायू आखडतो आणि सांधा हलतो. हे एखाद्या कामाला जोडून केलं, म्हणजे वस्तू धरताना, उचलताना, सोडताना, की त्याला एफईएस म्हणतात. कल्पना जुनी आहे. १९६१ मध्ये लिबर्सन यांनी अर्धांगवायूच्या रुग्णांचं चालताना लोंबणारं पाऊल अशाच करंटने उचलून दाखवलं होतं. हातासाठी कॅनडातल्या टोरांटोमध्ये मिलोस पोपोविच यांच्या गटाने बरंच काम केलं. त्यांच्या २०११ च्या अभ्यासात मानेची अपूर्ण दुखापत (म्हणजे दुखापतीखाली थोडीफार संवेदना किंवा हालचाल शिल्लक असलेली) होऊन फार काळ न लोटलेले रुग्ण होते. एका गटाला नेहमीच्या थेरपीसोबत रोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस, असे आठ आठवडे एफईएस दिलं. दुसऱ्या गटाला तेवढाच जादा वेळ नेहमीचीच थेरपी दिली. जेवण, कपडे, अंघोळ अशा स्वतःच्या कामांच्या मापनात एफईएसच्या गटाची सुधारणा साधारण दुप्पट निघाली. अभ्यास लहान होता, पण एफईएसच्या गटालाही वेळ तेवढाच मिळाला होता आणि प्रत्येक वेळी समोर काम होतं, हे विसरू नका.

तिसरा प्रकार नवा आहे आणि बातम्यांतून येतो तो हाच. यात पॅड हातावर नसतात, मानेच्या मागच्या बाजूला, मणक्यांवर असतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

दुसरी पायरी: एमआरआय बाजूला ठेवा, तक्ता मागा

घरचे एमआरआयची भलीमोठी फिल्म घेऊन येतात आणि उजेडासमोर धरतात. ती सर्जनसाठी महत्त्वाची असते. हाताच्या थेरपीसाठी मला त्याहून जास्त उपयोगी पडतो तो एएसआयए तपासणीचा कागद. डॉक्टर किंवा प्रशिक्षित थेरपिस्ट टाचणी, कापूस आणि स्वतःचे हात वापरून तो भरतात. त्यात दोन गोष्टी असतात: दुखापतीची पातळी आणि तिची श्रेणी.

पातळी म्हणजे कुठपर्यंत सगळं शाबूत आहे. हातासाठी पाच हालचाली तपासतात. सी म्हणजे मानेतून निघणाऱ्या नसा, टी म्हणजे छातीच्या, आणि पुढचा आकडा म्हणजे त्यांचा वरून खाली क्रमांक. कोपर वाकवणं सी-५ चं काम, मनगट वर उचलणं सी-६ चं, कोपर सरळ करणं सी-७ चं, बोटं मिटणं सी-८ चं आणि करंगळी बाजूला फाकवणं टी-१ चं. श्रेणी ए ते ई. 'ए' म्हणजे गुदद्वाराजवळच्या भागातसुद्धा संवेदना नाही आणि हालचालही नाही. 'बी' म्हणजे संवेदना आहे, हालचाल नाही. 'सी' आणि 'डी' मध्ये हालचाल आहे. 'डी'मध्ये निम्म्या किंवा त्याहून जास्त स्नायूंना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलण्याइतकी ताकद आहे. 'ई' म्हणजे तपासणीत सगळं नीट.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं "क्वाड्रिप्लेजिया" (हातपाय चारही अधू) लिहिलेलं असेल आणि हा तक्ता नसेल, तर तो भरून घेतल्याशिवाय एक रुपयाही मशीनवर घालू नका. पुनर्वसन विभाग असलेल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हे होतं. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून याच कामासाठी आहे. तारीख टाकलेला तक्ता जपून ठेवा. सहा महिन्यांनी सुधारणा झाली की नाही हे ठरवताना तोच पुरावा असतो.

तिसरी पायरी: नस जिवंत आहे का?

लोक ही पायरी गाळतात आणि पैसे इथेच वाया जातात.

मानेला मार लागला की दोन वेगवेगळी नुकसानं होतात. मेंदूतून खाली येणारे धागे तुटतात किंवा दबतात. त्यामुळे निरोप खाली पोचत नाही, पण दुखापतीखालच्या मज्जारज्जूतल्या पेशी आणि तिथून स्नायूला जाणारी नस जिवंतच राहते. असा स्नायू ताठ होतो, उबळ मारतो, बोट धरून झटकलं तर उलट ओढतो. उबळ त्रासदायक असते, पण हाताच्या दृष्टीने ती चांगली बातमी आहे, कारण हा स्नायू करंटला उत्तर देतो. दुसरं नुकसान नेमकं माराच्या जागी होतं. तिथल्या मोटर पेशीच मरतात आणि त्यांची नस सुकते. तो स्नायू मऊ पडतो, झपाट्याने बारीक होतो, उबळ मारत नाही. त्याला नेहमीच्या मशीनने कितीही करंट दिला तरी तो हलत नाही.

गंमत अशी की एकाच हातात दोन्ही असू शकतं. मार सी-५, सी-६ च्या आसपास असेल तर मनगटाचे काही स्नायू मेलेले आणि त्याखालचे बोटांचे स्नायू मात्र जिवंत, असं दिसतं. म्हणून "हाताला करंट लागू पडतो का?" या प्रश्नाला एक उत्तर नसतं. प्रत्येक स्नायू वेगळा तपासावा लागतो.

तपासणी सोपी आहे, पण अनुभवी थेरपिस्टकडून करून घ्या. दुखापतीला तीन-चार आठवडे झालेले असावेत, कारण मेलेली नससुद्धा पहिले काही दिवस करंटला उत्तर देते आणि फसवते. पल्सची, म्हणजे करंटच्या एका झटक्याची, लांबी साधारण ३०० मायक्रोसेकंद, फ्रिक्वेन्सी ३० ते ४० हर्ट्झ ठेवून छोटा पॅड स्नायूवर हळूहळू सरकवतात. जिथे कमीत कमी करंटमध्ये ठळक आखडणं दिसतं तो त्या स्नायूचा मोटर पॉइंट. सापडला की त्वचेवर पेनाने खूण करा आणि मोबाईलवर फोटो काढा. खूण अंघोळीत जाते, फोटो राहतो.

पुरेसा करंट देऊनही स्नायू हललाच नाही, किंवा शेजारचाच हलतोय, तर ईएमजी आणि नर्व्ह कंडक्शन, म्हणजे स्नायू आणि नस यांच्या कामाची तपासणी करून घ्या. आणि हे ऐकून निराश होऊन घरी बसू नका, तर हाताच्या सर्जनला दाखवा. जवळची चालू नस मेलेल्या नसेला जोडायची शस्त्रक्रिया असते. अशा स्नायूच्या बाबतीत तिला मुदत असते, पहिलं वर्ष हातचं जाऊ देऊ नये. चालू स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दुसरीकडे वळवायची शस्त्रक्रिया मात्र उशिराही होते. करंट लागू पडत नाही हे लवकर कळणं हासुद्धा या तपासणीचा फायदाच आहे.

नस मेलेल्या स्नायूसाठी फार लांब पल्सची वेगळी मशीन असते. त्वचा भाजण्याचा धोका त्यात खूप जास्त. घरी तिच्या वाटेला जाऊ नका.

चौथी पायरी: धोके आधी निस्तरा

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं इलेक्ट्रॉनिक यंत्र, गरोदरपण, पॅडच्या जागी जखम किंवा कर्करोग, हातात रक्ताची गुठळी, आटोक्यात नसलेली फिट: यातलं काही असेल तर डॉक्टरांच्या लेखी होकाराशिवाय सुरुवात नको. मानेत प्लेट आणि स्क्रू आहेत म्हणून माणूस आपोआप बाद होत नाही, पण हाड जुळलं आहे आणि मान स्थिर आहे हे सर्जनकडून ऐकून घ्या. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि छातीवरून आरपार कधीही पॅड लावू नयेत.

सर्वांत महत्त्वाचा धोका रक्तदाबाचा. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्या माणसात खालून आलेल्या एखाद्या तीव्र संवेदनेने रक्तदाब अचानक चढतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. कारण बहुतेकदा भरलेली लघवीची पिशवी किंवा मुडपलेली नळी असते. कधी साचलेला मळ, कधी घट्ट पट्टा, क्वचित करंटसुद्धा. डोकं ठणकतं, चेहरा आणि मान लाल होते, कपाळावर घाम फुटतो, नाक चोंदतं. मानेची दुखापत असलेल्यांचा वरचा रक्तदाब मुळातच ९० ते ११० च्या आसपास असतो. त्यामुळे १४० आकडा बघून "नॉर्मलच आहे" म्हणणारा माणूस इथे मोठी चूक करतो. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढला तर तो धोक्याचा इशारा.

असं झालं तर मशीन लगेच बंद. माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका. कपडे आणि पट्टे सैल करा. नळी मुडपली आहे का बघा, लघवी मोकळी करा. रक्तदाब दर दोन-तीन मिनिटांनी मोजत राहा. उतरत नसेल तर रुग्णालय गाठा आणि तिथल्या डॉक्टरांना "ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया" हेच शब्द सांगा. कागदावर लिहून व्हीलचेअरच्या खिशात ठेवा, कारण ऐन वेळी आठवत नाहीत. दर सत्राआधी लघवी मोकळी करणं आणि रक्तदाब लिहून ठेवणं ही सवयच लावून घ्या.

दुसरा धोका त्वचेचा. संवेदना नसलेल्या जागी भाजलं तरी कळत नाही. "सहन होईल तेवढा वाढवा" हा फिजिओच्या खोलीतला नेहमीचा नियम इथे चालत नाही. करंट हालचालीवरून ठरवायचा, सहनशक्तीवरून नाही.

पाचवी पायरी: पहिले पॅड

आपल्याकडे आजारी हातापायाला तेल चोळायची पद्धत आहे आणि आईने सकाळी प्रेमाने केलेली मालिश दुपारच्या सत्राची वाट लावते. तेलकट त्वचेवर पॅड अर्धवट चिकटतो, सगळा करंट एका कोपऱ्यात एकवटतो आणि तिथेच डाग पडतो. मालिश रात्री करा. सत्राआधी हात साबणाने धुऊन कोरडा करा. पॅडचा चिकटपणा गेला की तो फेकायचा. वरून सेलोटेप लावायची नाही. एकाचे पॅड दुसऱ्याला लावायचे नाहीत.

कोपर ते मनगट या भागासाठी पाच सेंटिमीटरचे चौकोनी पॅड पुरतात. अंगठ्याच्या उंचवट्यासाठी लहान लागतात. हात टेबलावर, खाली घडी केलेला टॉवेल, खांदे सैल.

आधी बोटं उघडायला शिकवा, मग मिटायला. उबळीने मूठ वळलेल्या हातात वस्तू आत शिरायलाच जागा नसते. उघडण्यासाठी एक पॅड हाताच्या पाठच्या बाजूला, कोपराच्या थोडं खाली आणि दुसरा मनगटाच्या थोडा वर. करंट हळूहळू वाढवा. नुसतं मनगटच वर येतंय आणि बोटं तशीच राहतायत, तर वरचा पॅड करंगळीच्या बाजूला थोडा सरकवा. मनगट उचलणारे स्नायू अंगठ्याच्या बाजूला असतात. एखादं बोट मागे राहिलं तर पुन्हा थोडं सरकवा. पहिल्या दिवशी अर्धा वेळ या सरकवासरकवीतच जातो आणि तो वाया गेलेला नसतो.

मिटण्यासाठी पॅड हाताच्या आतल्या बाजूला, अंगठ्यासाठी तळहाताच्या उंचवट्यावर. सुरुवातीला करंट पाच सेकंद चालू, दहा ते पंधरा सेकंद बंद, आणि चढताना एक-दोन सेकंदांचा हळुवार चढ. एकदम झटका दिला तर उबळ येते. पहिले काही दिवस १० ते १५ मिनिटं पुरे. बाहेरून दिलेल्या करंटमध्ये स्नायूतले एकाच जागचे धागे पुन्हा पुन्हा एकाच वेळी ओढले जातात. मेंदू जसा आलटून पालटून काम वाटून देतो तसं होत नाही, म्हणून स्नायू लवकर थकतो. हालचाल कमी झाली की करंट वाढवायचा नाही, विश्रांती द्यायची. फ्रिक्वेन्सी वाढवली तर ताकद दिसते, पण थकवा त्याहून लवकर येतो.

पॅड काढल्यावर त्वचा बघा. हलकी गुलाबी लाली थोड्या वेळात जाते. अर्ध्या तासाने तशीच असेल किंवा फोड दिसला, तर ती जागा पूर्ण बरी होईपर्यंत बंद.

एक गोष्ट उत्साहात बिघडते. मनगट वर उचलता येतं पण बोटं हलत नाहीत, अशा सी-६ च्या माणसाची बोटं मनगट उचललं की आपोआप थोडी मिटतात. कंडरे आखूड असल्यामुळे मिळणारी ही फुकटची पकड आहे आणि हजारो माणसं तिच्यावर जगतात. मनगट वर ठेवून बोटंही पूर्ण सरळ ताणायचा व्यायाम घरचे जोर लावून करतात आणि ही पकड सैल करून टाकतात. बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवून, आणि मनगट उचलायचं तर बोटं मिटू देऊन. करंट लावतानाही हाच नियम.

सहावी पायरी: काम समोर ठेवा

इथून खरी थेरपी सुरू होते. थेरपिस्ट म्हणते, "ग्लासकडे हात न्या." रुग्ण स्वतः प्रयत्न करतो, मनात ती हालचाल करतो. हललं नाही तरी चालेल, प्रयत्न खरा हवा. मग "उघडा" म्हटल्यावर रुग्णाने जोर लावायचा आणि त्यानंतर क्षणभराने मशीनचं बटण दाबायचं. बोटं उघडतात, ग्लास आत येतो, दुसरं बटण, मूठ मिटते. ग्लास उचलून दुसरीकडे न्यायचा, मग सोडायचा. सोडणं धरण्याहून अवघड असतं. घाई करू नका.

हा क्रम का? मेंदूतून निघालेला अर्धामुर्धा निरोप, हाताने खरंच केलेली हालचाल आणि वस्तूची डोळ्यांना दिसणारी, त्वचेला जाणवणारी खबर, हे तिन्ही एका वेळी जमून आलं तर उरलेल्या जोडण्या बळकट होण्याची शक्यता वाढते. बटण आधी दाबलं की रुग्ण प्रयत्न सोडून बघत बसतो. म्हणून काही मशीनमध्ये रुग्णाने स्वतः दाबायचं बटण असतं किंवा दुसऱ्या स्नायूच्या हालचालीवर करंट सुरू होतो. शक्य असेल तर तसंच घ्या.

कामं कोणती? परदेशी अभ्यासांत लाकडी ठोकळे, काटेचमचे, मग असतात. ते ठीक आहे, पण आपल्या माणसाला वरणभात कालवून घास करायचा असतो, आणि त्याला तीन बोटं आणि अंगठा एकत्र यावे लागतात. भाकरी मोडायला एका हाताने दाबून दुसऱ्याने ओढावं लागतं. त्याशिवाय मोबाईलवर पिन टाकणं, औषधाची गोळी पाकिटातून काढणं, स्वतः कॅथेटर धरणं. रुग्णाला विचारून तीन कामं निवडा आणि ती लिहून ठेवा. सोपं काम आधी: रिकामा स्टीलचा पेला निसटतो, कागदी कप चुरगळतो, जाड प्लास्टिकचा ग्लास बरा. पेन्सिलीला फोमची नळी लावा, चमच्याला जाड मूठ करा. नंतर हळूहळू जाडी कमी करायची.

रोज तासभर, आठवड्यातून पाच दिवस, दोन महिने, असा नेम धरून बसा. तासात पंधरा वेळा ग्लास उचलणं आणि शंभर वेळा उचलणं यात फरक पडतो. कंटाळा येतो. त्यामुळे घरातल्या एकाच माणसावर सगळं टाकू नका; बायको, भाऊ, मुलगी यांच्यात वाटून घ्या आणि सगळ्यांना थेरपिस्टसमोर एकदा करून बघायला लावा.

सातवी पायरी: मानेवरचा करंट

मानेच्या मागे पॅड लावून दिलेला करंट थेट बोटं हलवत नाही. तो मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदी नसांना जागं करतो आणि त्यांच्यामार्फत हाताच्या मोटर पेशींना कामाच्या उंबरठ्याजवळ आणतो. मग मेंदूतून येणारा एरवी अपुरा पडणारा निरोप पुरेसा ठरू शकतो. शेतावरची मोटार सुरू करण्याआधी पाइपात पाणी भरावं लागतं, तसं हे. विहिरीत पाणीच नसेल तर ते भरून उपयोग नाही. म्हणून काही ना काही धागे शिल्लक असणं गरजेचं आहे आणि अभ्यासही मुख्यतः अपूर्ण दुखापतीवर झाले आहेत.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात रेजी एजर्टन यांच्या गटाने आणि सिएटलमध्ये चेट मॉरिट्झ, फात्मा इनानिची यांच्या गटाने सुरुवातीला थोड्याथोड्या रुग्णांवर हे करून बघितलं. सिएटलच्या २०२१ च्या अभ्यासात सहा रुग्ण होते. करंट बंद केल्यावरही मिळालेली सुधारणा तीन ते सहा महिने टिकली. मशीन चालू असेपर्यंतच हात चालतो, असं नव्हतं.

त्यानंतर 'अप-लिफ्ट' ही मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष मे २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आले. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातली १४ केंद्रं, चाचणी पूर्ण केलेले ६० रुग्ण, सगळ्यांची दुखापत किमान एक वर्ष जुनी. आधी दोन महिने फक्त थेरपी, मग दोन महिने थेरपी आणि त्यासोबत करंट. ६० पैकी ४३ जणांमध्ये ताकद आणि कामाची क्षमता या दोन्हींत ठरवलेल्या मर्यादेइतकी सुधारणा दिसली. दुखापतीला ३४ वर्षं झालेल्या माणसातही फरक पडला. उपकरणामुळे गंभीर इजा कोणालाही झाली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, 'ऑनवर्ड मेडिकल' कंपनीच्या 'आर्क-ईएक्स' या उपकरणाला परवानगी दिली.

आता बातमीत न आलेली बाजू. ६० पैकी १७ जणांना ती मर्यादा गाठता आली नाही. चाचणीत खोटा करंट दिलेला वेगळा गट नव्हता. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या दोन महिन्यांशी केली. एफडीएची ती परवानगी मानेच्या अपूर्ण, जुन्या दुखापतीसाठी आणि दवाखान्यात कामाच्या सरावासोबत वापरण्यासाठीच होती. आणि "सुधारणा" म्हणजे चिमटीची ताकद वाढणं, पकड घट्ट होणं. पेटी वाजवायला लागणं नव्हे. पण सी-५ च्या माणसाला चिमटीतली थोडीशी ताकदसुद्धा गोळी स्वतः घेता येण्याइतकी असते, म्हणून मी ते लहान समजत नाही.

साधं टेन्स यंत्र मानेवर लावून हा परिणाम मिळत नाही. या उपकरणांमधला करंट वेगळ्या घडणीचा असतो: साधारण ३० हर्ट्झने येणारे झटके आणि प्रत्येक झटक्यात हजारो हर्ट्झची लहर, जेणेकरून त्वचेला कमी टोचेल. पॅडच्या जागा मणके मोजून ठरतात आणि रक्तदाब बघत करंट वाढवला जातो. इंटरनेटवरचा व्हिडिओ बघून घरी करायचं हे काम नाही. हातावरच्या एफईएसचं तसं नाही. प्रशिक्षण घेतल्यावर ते घरी करता येतं आणि आज बहुतेकांनी सुरुवात तिथूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आठवी पायरी: मोजा आणि थांबायची तारीख ठरवा

"आधीपेक्षा बरंय" या वाक्यावर विसंबू नका. आशा लागलेल्या घरात सगळ्यांना सगळंच आधीपेक्षा बरं वाटतं. सुरुवातीला, एका महिन्याने आणि दोन महिन्यांनी करंट बंद असताना मोजायचं. थेरपिस्टकडे पकडीची आणि चिमटीची ताकद मोजायचं साधन असतं. 'बॉक्स अँड ब्लॉक' चाचणीत मधल्या फळीवरून एका मिनिटात किती ठोकळे पलीकडे टाकले ते मोजतात. घरी निवडलेल्या तीन कामांचा दर वेळी त्याच टेबलावर, त्याच वस्तूंसह, त्याच कोनातून व्हिडिओ घ्या आणि किती सेकंद लागले ते लिहा. उबळीसाठी बॅक्लोफेन चालू असेल तर गोळीची वेळही लिहा, कारण गोळीनंतरचा हात आणि गोळीआधीचा हात वेगळा असतो.

दोन महिने नेमाने करून एकाही मापात फरक नसेल तर थेरपिस्टशी बसून ठरवा: पॅडची जागा चुकते का, काम फार अवघड निवडलं का, की या स्नायूकडून अपेक्षा सोडून कंडऱ्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करायचा. सार्वजनिक गाडीसारखी थेरपी चालू ठेवायची नसते, की निघाली म्हणून शेवटच्या थांब्यापर्यंत बसायचंच.

पैशाबद्दल

मशीन विकत घेण्याआधी ती भाड्याने किंवा विभागातच वापरून बघा. घेताना पाहायचं ते एवढंच: बॅटरीवर चालते का, निदान दोन वेगवेगळे चॅनल आहेत का, पल्सची लांबी आणि फ्रिक्वेन्सी बदलता येते का, चढ-उताराची सोय आहे का, बाहेरून दाबायचं बटण जोडता येतं का, आणि पॅड तुमच्या शहरात मिळतात का. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्था, म्हणजे सीडीएससीओ, भारतात वैद्यकीय उपकरणांचं नियमन करते. विक्रेत्याकडे तिचा नोंदणी किंवा परवाना क्रमांक मागा. क्रमांक विचारल्यावर जो विषय बदलतो त्याच्याकडून घेऊ नका.

"नवीन चाचणी चालू आहे, नाव नोंदवा" असं कोणी म्हणालं तर सीटीआरआय नोंदणी क्रमांक विचारा आणि भारतीय चाचण्यांच्या त्या सरकारी नोंदवहीत तो शोधून बघा; ती सगळ्यांना खुली आहे. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, सही दुसऱ्या दिवशी करा. चाचणी म्हणून सांगून वर उपचाराचे लाखभर रुपये मागितले, स्टेम सेल आणि करंटचं एकत्र पॅकेज दिलं किंवा पूर्ण दुखापतीतही बोटं हलण्याची हमी दिली, तर तिथून उठा. आणि जाण्याआधी आपला एएसआयए तक्ता परत घ्यायला विसरू नका, मूळ प्रत कोणाकडेही ठेवू नका.